न परवडणारें घड्याळ

गेल्या वर्षीं शाळेच्या पटांगणावर घडलेली एक लहानशी गोष्ट आमच्या मनांतून अद्याप गेलेली नाहीं. मधल्या सुटींत कांहीं विद्यार्थी एका मुलाच्या भोवतीं जमले होते. त्याच्या मनगटावर एक नवें घड्याळ होतें, आणि तबकडीवर जगांतील एका अत्यंत महाग पेढीचें नांव झळकत होतें. मुलें कौतुकानें पाहत होतीं. इतक्यांत एकानें सहज विचारलें, "हें खरें आहे का रे?" त्या मुलानें उत्तर दिलें नाहीं. त्यानें हात हळूच खिशांत घातला. घंटा झाली, मुलें वर्गांत गेलीं, आणि गोष्ट तेथेंच संपली. परंतु त्या खिशांत गेलेल्या हाताकडे पाहून आम्ही मनांतल्या मनांत ओशाळलों. कारण त्याच दिवसांत आम्हीं स्वतः एक घड्याळ करावयास सांगितलें होतें, आणि त्याच्या तबकडीवर कोणतें नांव घालावें याविषयीं आमच्याहि मनांत असाच एक लबाड विचार घोळत होता.

जी वस्तु विकत घेण्याची आपली ऐपत नाहीं, परंतु जिचें सौंदर्य मनांत भरलें आहे, तिच्या धर्तीवर आपल्यापुरती एक वस्तु कारागिराकडून करवून घ्यावी कीं नाहीं? घ्यावयाची झाल्यास ती कोणत्या रीतीनें घ्यावी? अनुकरण कोठें संपतें आणि चोरी कोठें सुरू होते? या प्रश्नांचा विचार घड्याळाच्या उदाहरणावरून करावा असा या लेखाचा हेतु आहे.

आमच्या मनांत भरलेलें घड्याळ अब्राहम-लुई ब्रेगे यांच्या धाटणीचें. ब्रेगे यांचा जन्म आजच्या स्वित्झर्लंडांतील नॉशातेल येथें १७४७ सालीं झाला. १७७५ सालीं त्यांनीं पॅरिस शहरांत, सीन नदींतील बेटाच्या कांठीं, आपलें दुकान थाटलें. त्या धक्क्याचें नांवच मुळीं 'घड्याळाचा धक्का' असें आहे. ब्रेगे यांनीं घड्याळाच्या तबकडीवरील फापटपसारा काढून टाकला. १७८३ च्या सुमारास त्यांनीं अत्यंत सडपातळ कांटे योजिले व प्रत्येक कांट्याच्या टोंकाजवळ एक पोकळ वर्तुळ ठेविलें. तें लहानशा चंद्रासारखें दिसतें. सोन्याचांदीच्या तबकडीवर त्यांनीं बारीक लहरींची नक्षी कोरविली. या नक्षीस गिलोशे म्हणतात. ती केवळ शोभेची नव्हे; तिच्यामुळें धातूची चकाकी मोडते आणि कांटे नीट वाचतां येतात. १८०१ च्या जून महिन्यांत त्यांनीं तूर्बियों नांवाच्या यंत्ररचनेचा हक्क नोंदविला. खिशांतलें घड्याळ दिवसभर उभें राहतें. त्यामुळें गुरुत्वाकर्षणाचा परिणाम त्याच्या नाजूक भागांवर एकाच बाजूनें होतो व गति बिघडते. ब्रेगे यांनीं ते नाजूक भाग एका लहानशा पिंजऱ्यांत बसवून तो पिंजराच फिरता केला. अशा रीतीनें एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूच्या चुकीनें भरून निघूं लागली.

त्यांच्या नांवाची पेढी आजहि चालू आहे. आमच्यासारख्या शिक्षकानें वर्षाचा सारा पगार ओतला तरी तेथील सोन्याचें साधें घड्याळहि पदरांत पडावयाचें नाहीं. तेव्हां चित्रें पाहणें एवढाच आमचा अधिकार. परंतु चित्रें पाहतां पाहतां त्या पेढीच्या इतिहासांत अशा कांहीं गोष्टी आढळल्या कीं, त्यांनीं आमचा प्रश्न सोडविण्यास मोठीच मदत केली.

पहिली गोष्ट १६० क्रमांकाच्या घड्याळाची. १७८३ सालीं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या रक्षकदलांतील एका अधिकाऱ्यानें ब्रेगे यांच्याकडे एक मागणी नोंदविली. राणीकरितां असें घड्याळ करावें कीं, त्या काळीं ठाऊक असलेली प्रत्येक करामत त्यांत असावी. शक्य तेथें इतर धातूंऐवजीं सोनें वापरावें. आणि खर्चाला व मुदतीला मर्यादा नसावी! असें घड्याळ करावयाचें तर त्यांत काय काय यावें? हालचालीनें आपोआप चावी बसावी. कळ दाबतांच तास, पाव तास व मिनिटें नादानें कळावीं. महिन्यांचे कमीअधिक दिवस व लीप वर्ष यांचा हिशेब घड्याळानें स्वतः ठेवावा. उष्णतामान दाखवावें. सूर्याच्या छायेवरून निघणारी वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ यांतील फरकहि दाखवावा. हा फरक फेब्रुवारीच्या मध्यास सुमारें १४ मिनिटें एका बाजूस, तर नोव्हेंबरच्या आरंभीं सुमारें १६ मिनिटें दुसऱ्या बाजूस जातो, हें भूगोल शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

परिणाम काय झाला पहा. १७९३ सालीं राज्यक्रांतीच्या धामधुमींत राणीचा शिरच्छेद झाला. १८२३ सालीं ब्रेगे स्वतः निवर्तले. घड्याळ पुरें झालें तें १८२७ सालीं, म्हणजे मागणीनंतर ४४ वर्षांनीं. जिच्याकरितां तें होतें तिनें तें पाहिलें नाहीं, आणि ज्यानें तें आरंभिलें त्यालाहि तें पुरें झालेलें दिसलें नाहीं. ज्या मागणीस मर्यादा नाहीं ती मागणी वेळेवर पुरी होत नाहीं, हा यांतील पहिला धडा. आमच्यासारख्यांची मर्यादा खिसाच घालून देतो. त्याबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं.

पुढें हें घड्याळ अनेक हातांतून गेलें. १९१७ सालीं सर डेव्हिड सालोमन्स या इंग्रज संग्राहकानें तें विकत घेतलें. त्यांच्या कन्येनें जेरुसलेम येथें इस्लामी कलेचें एक संग्रहालय स्थापिलें व पित्याचीं घड्याळें तेथें ठेविलीं. १९८३ च्या एप्रिल महिन्यांत तेथें मोठी चोरी झाली आणि शंभरांहून अधिक दुर्मिळ घड्याळांबरोबर १६० क्रमांकाचें घड्याळहि नाहींसें झालें.

आतां दुसरी गोष्ट. १९९९ सालीं ब्रेगे यांची पेढी स्वॉच समूहाकडे आली. त्या समूहाचे प्रमुख निकोलस हायेक यांनीं २००५ सालीं आपल्या कारागिरांस आज्ञा केली कीं, चोरीस गेलेल्या त्या घड्याळाची प्रतिकृति तयार करा. मूळ वस्तु डोळ्यांसमोर नव्हती. जुनीं कागदपत्रें, आकृत्या व छायाचित्रें यांच्या आधारानें काम करावयाचें होतें. शिवाय प्रत्येक भाग कां व कसा चालत असे, हें नव्यानें समजून घेणें भाग होतें. ८२३ भागांचें तें नवें घड्याळ २००८ सालीं जगापुढें आलें. त्याच्याकरितां एक पेटी केली, ती व्हर्सायच्या उद्यानांतील, राणीच्या आवडत्या ओक वृक्षाच्या लांकडाची. योगायोग असा कीं, प्रतिकृतीचें काम चालू असतांनाच चोरीस गेलेलें मूळ घड्याळ सांपडलें व २००७ सालीं तें संग्रहालयास परत मिळाल्याचें जाहीर झालें.

या प्रतिकृतीची एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. ती केली कोणी? खुद्द ब्रेगे यांच्या पेढीनें. नांव त्यांचें, वारसा त्यांचा. तरीहि त्यांनीं नव्या घड्याळाला १६० हा क्रमांक दिला नाहीं; ११६० हा दिला. मूळ तें मूळ आणि नवें तें नवें. आपल्याच घरच्या वस्तूचें अनुकरण करतांनाहि ज्यांस वेगळी खूण ठेवावीशी वाटली, त्यांच्यापासून आपणांस कांहीं शिकतां येण्याजोगें आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, या तर राजाराण्यांच्या व धनाढ्यांच्या गोष्टी. त्यांशीं आमचा संबंध काय? म्हणून तिसरी गोष्ट सांगतों. क्रांतीच्या काळांत ब्रेगे यांस पॅरिस सोडून स्वदेशीं जावें लागलें. १७९५ सालीं ते परतले तेव्हां त्यांच्या अमीर-उमराव गिऱ्हाइकांपैकीं कित्येक परागंदा झाले होते. अशा वेळीं त्यांनीं एक साधें घड्याळ योजिलें. त्यास कांटा एकच! तबकडी पांढऱ्या मिन्याची, मोठी व स्वच्छ. दोन तासांमधील अंतर बारीक खुणांनीं विभागलेलें असल्यामुळें एका कांट्यावरूनहि मिनिटांचा अंदाज घेतां येई. १७९७ सालीं त्यांनीं या घड्याळाचें माहितीपत्रक छापलें. ज्याला घड्याळ हवें त्यानें किंमतीचा चौथा हिस्सा आगाऊ भरावा; बाकीची रक्कम घड्याळ हातीं आल्यावर द्यावी. वर्गणी भरून घ्यावयाचें म्हणून त्यास वर्गणीचें घड्याळ असेंच नांव पडलें. राणीकरितां सर्व करामती एकत्र करणारा हाच कारागीर, आणि सामान्य ऐपतीच्या माणसाकरितां एकच कांटा ठेवणाराहि हाच! आमच्या मतें दुसऱ्या कामांत त्याची बुद्धि पहिल्यापेक्षां तिळमात्र कमी नाहीं.

ब्रेगे यांची कीर्ति वाढली तशी त्यांच्या नांवाचीं खोटीं घड्याळेंहि बाजारांत आलीं. तेव्हां १७९५ च्या सुमारास त्यांनीं तबकडीवर एक गुप्त स्वाक्षरी कोरण्यास प्रारंभ केला. बाराच्या आंकड्याजवळ ती इतकी सूक्ष्म कोरलेली असे कीं, सरळ पाहिल्यास दिसूं नये. तबकडी उजेडांत तिरपी धरली म्हणजे तेवढी दिसावी. ज्या माणसानें साध्या लोकांकरितां साधें घड्याळ केलें, त्यालाच आपलें नांव चोरांपासून जपावें लागलें. यावरून भेद स्पष्ट होतो. ब्रेगे यांच्या कांट्यांची धाटणी त्यांच्या पश्चात् सर्व जगानें उचलली. आज घड्याळांचे सुटे भाग विकणाऱ्या कोणत्याहि दुकानीं 'ब्रेगे कांटे' म्हणून मागितले तर ते मिळतात, आणि त्यांत कोणासहि गैर वाटत नाहीं. धाटणी ही कालांतरानें सर्वांची होते, जशी अक्षराची वळणें किंवा घराच्या कमानी. नांव मात्र ज्याचें त्याचेंच राहतें.

आपल्या देशांतील कायदाहि असाच भेद करतो. नव्या आकृतीची नोंदणी केली असल्यास २००० सालच्या कायद्यानें तिला प्रथम १० वर्षें व पुढें ५ वर्षें संरक्षण मिळतें. त्या मुदतींत तिची नक्कल करणें योग्य नव्हे. मुदत संपली कीं आकृति मोकळी होते. परंतु व्यापारचिन्हाची नोंदणी पुनः पुनः वाढवितां येते, आणि दुसऱ्याचें चिन्ह खोटेपणानें वस्तूवर घालणें हा १९९९ सालच्या कायद्यान्वये गुन्हा आहे. घालणारा व विकणारा, दोघेहि त्यांत सांपडतात.

आतां आमच्या घड्याळाकडे वळूं. आमच्या गांवच्या पेठेंत एका जिन्याखालीं एका वृद्ध घड्याळजींचें दुकान आहे. बंगलोरच्या ज्या कारखान्यांतून १९६१ सालापासून एच. एम. टी. घड्याळें निघालीं, त्यांचीं चावीचीं घड्याळें दुरुस्त करण्यांत त्यांचें आयुष्य गेलें. ती घड्याळकंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारनें २०१६ सालीं घेतला. तरी तीं जुनीं घड्याळें लोक अजून त्यांच्याकडे आणतात. आम्हीं त्यांच्यापुढें ब्रेगे यांच्या घड्याळाचें चित्र ठेविलें व म्हणालों, "अगदीं असें हवें."

त्यांनीं चित्र बराच वेळ न्याहाळलें व विचारलें, "मास्तर, यांतलें तुम्हांला नेमकें काय आवडलें?"

प्रश्न साधा होता, परंतु आम्हांस त्याचें उत्तर चटकन् देतां येईना. सोनें आवडलें काय? नाहीं. नक्षी? ती सुंदर खरी. परंतु ती हातानें कोरण्याचें विशेष यंत्र लागतें व तें चालविणारा जाणकार लागतो. ठशानें दाबून काढलेली नक्षी स्वस्त पडते, पण भिंगाखालीं तिच्या कडा बोथट दिसतात. विचार करतां करतां कळून आलें कीं, आम्हांस आवडले ते निळे कांटे, वळणदार आंकडे, मोकळी पांढरी जागा आणि सहाच्या वर फिरणारा लहानसा सेकंदकांटा. एवढें ठरलें आणि अर्धा खर्च तेथेंच वजा झाला. जी वस्तु परवडत नाहीं तिच्यांतील आपणांस हवें तें नक्की कोणतें, हें ओळखणें हीच अशा कामांतील पहिली पायरी होय.

दुसरी पायरी यंत्राची. चावीच्या घड्याळांत मुख्य कमान गुंडाळली जाते. ती उलगडतांना दांतेरी चाकांची रांग फिरविते. ती एकदम उलगडूं नये म्हणून शेवटीं एक अटकाव असतो, आणि तो किती वेळानें सुटावा हें तोलचक्र ठरवितें. तोलचक्र केसासारख्या बारीक कमानीच्या जोरावर इकडून तिकडे झुलत असतें. प्रत्येक झोक्यास एक दांता सुटतो. तीच आपणांस ऐकूं येणारी टिकटिक. असें यंत्र नव्यानें घडविणें आमच्या घड्याळजींस काय, जगांतील बहुतेक पेढ्यांसहि झेपत नाहीं. म्हणून तयार यंत्र घ्यावें लागतें. स्वित्झर्लंडांत होणारें युनिटास जातीचें यंत्र या कामीं फार उपयोगी पडतें. तें मूळ खिशांतल्या घड्याळाकरितां योजलेलें, ३६.६ मिलिमीटर व्यासाचें, सतरा खड्यांचें व दणकट आहे. त्याच धर्तीचें यंत्र चीनमध्येंहि होतें व तें पुष्कळ स्वस्त पडतें. भाग मोठे असल्यामुळें दुरुस्ती कोणाहि चांगल्या घड्याळजीस करतां येते.

येथें आमच्या हातून एक चूक झाली, ती इतरांस उपयोगी पडावी म्हणून सांगतों. युनिटास यंत्राचे दोन प्रकार आहेत, ६४९७ व ६४९८. आम्हीं उतावीळपणानें, घड्याळजींस न विचारतां, ६४९७ मागविलें. दोन्हीं यंत्रें दिसावयास भावंडांसारखीं. परंतु पहिल्यांत चावीची मूठ तीनच्या बाजूस ठेविली म्हणजे सेकंदकांटा नऊपाशीं येतो, आणि दुसऱ्यांत तो सहापाशीं येतो. आमच्या तबकडीवर तर सहापाशीं वर्तुळ काढलेलें! घड्याळजी हंसून म्हणाले, "मास्तर, सदरा शिवून झाल्यावर माप घेतलेंत!" त्यांनीं तें यंत्र दुसऱ्या कामाकरितां ठेवून घेतलें व योग्य तें आणविलें. मधल्या फरकाची रक्कम आमच्या अक्कलखातीं जमा झाली. तबकडी, कांटे व केस हीं सर्व यंत्राच्या मागून येतात. यंत्र आधीं ठरवावें.

तबकडी मुंबईच्या एका कारागिराकडून छापून आली. तिची रीत मोठी मौजेची आहे. धातूच्या पट्टीवर आंकडे उथळ कोरतात, त्यांत शाई भरतात, मऊ रबरासारख्या गोळ्यानें ती शाई उचलतात आणि तबकडीवर ठसा उमटवितात. गोळा मऊ असल्यानें अक्षराची बारीकशी शेपटीहि तुटत नाहीं.

कांटे मात्र घड्याळजींनीं आमच्या देखत निळे केले. निळा रंग हा लावलेला रंग नव्हे. पोलाद घांसून चकचकीत करावें, पितळेच्या कीसावर ठेवावें व खालून स्पिरिटच्या दिव्याची धग द्यावी. पोलाद प्रथम गवती पिवळें होतें, मग तपकिरी, मग जांभळें, आणि सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडपाशीं गडद निळें होतें. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढतो व त्याच्या जाडीप्रमाणें रंग दिसतो. निळा रंग आला कीं त्याच क्षणीं कांटा उचलावा लागतो. थोडा उशीर झाल्यास तो फिकट, राखी पडतो. तासकांटा पहिल्या खेपेस राखी पडला. घड्याळजी कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं तो पुन्हां घांसला आणि पहिल्यापासून आरंभ केला. सत्तरी उलटलेल्या त्या माणसाचा श्वास रोखून धरलेला चेहरा, हातांतला चिमटा, आणि जांभळ्यांतून हळूहळू उमटणारा तो निळा रंग आम्ही विसरणार नाहीं. खरेदी केलेल्या घड्याळांत हें आम्हांस कोठून मिळालें असतें?

शेवटची पायरी गति बसविण्याची. हें यंत्र ताशीं १८,००० ठोके देतें, म्हणजे सेकंदास ५ व दिवसास ४,३२,०००. दिवसाकांठीं दहा सेकंदांची चूक म्हणजे ८,६४० भागांत एका भागाची चूक. कोणत्या परीक्षार्थ्याला इतके गुण पडतात? घड्याळ पालथें, उताणें, मूठ खालीं, मूठ वर असें निरनिराळ्या स्थितींत ठेवून ठोके मोजतात, कारण प्रत्येक स्थितींत गुरुत्वाकर्षणाचा परिणाम निराळा होतो. ब्रेगे यांनीं ज्या अडचणीवर तूर्बियों काढलें तीच ही अडचण. मनगटावरचें घड्याळ हाताबरोबर सतत स्थिति बदलतें, म्हणून तेथें ती तितकीशी जाचत नाहीं. आमचें घड्याळ आठवडाभर तपासल्यावर दिवसाला आठ-दहा सेकंद पुढें राहूं लागलें. स्वित्झर्लंडांतील परीक्षासंस्था ज्या घड्याळांस उत्तम म्हणून दाखला देते, त्यांची मर्यादा चार सेकंद मागें ते सहा सेकंद पुढें अशी आहे. आमचें घड्याळ त्या परीक्षेंत उत्तीर्ण झालें नसतें. परंतु शाळेची घंटा त्यानें एकदांहि चुकविलेली नाहीं.

तबकडी छापावयास देण्यापूर्वींची एक गोष्ट आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविली आहे. आराखडा काढतांना घड्याळजींनीं विचारलें, "बाराच्या खालीं काय लिहावयाचें?"

आम्ही कांहींसें हंसत म्हणालों, "ब्रेगे लिहा कीं! कोण पाहतो?"

त्यांनीं डोळ्याचें भिंग काढून मेजावर ठेविलें व शांतपणें म्हणाले, "मास्तर, पोरानें दुसऱ्याच्या पेपरावर आपलें नांव घातलें तर तुम्ही त्याला काय म्हणतां? हें त्याच्या उलट, इतकेंच. छापणारे पुष्कळ आहेत. मी छापून आणणार नाहीं."

आम्ही "विचार करून सांगतों" असें म्हणून उठलों. खरें सांगावयाचें तर विचार करण्यासारखें त्यांत कांहींच नव्हतें. परंतु मोह मोठा चिवट असतो. दुसरीकडून छापून घेतां येईल, असेंहि मनांत येऊन गेलें. आणि दुसऱ्याच दिवशीं मधल्या सुटींत ती खिशांत गेलेल्या हाताची गोष्ट घडली. तो मुलगा लहान; त्याला कोणीं तरी तें घड्याळ दिलें असेल. आम्ही मात्र जाणूनबुजून तेंच करावयास निघालों होतों. उद्यां वर्गांत कोणीं विचारलें असतें, "सर, हें खरें आहे का?" तर आमचाहि हात खिशांतच गेला असता. त्याच सायंकाळीं आम्हीं घड्याळजींकडे जाऊन सांगितलें, "बाराच्या खालीं जागा कोरीच ठेवा. मागच्या झांकणाच्या आंत मात्र तुमच्या नांवाचें आद्याक्षर व सन घाला." त्यांनीं मान डोलविली. आगाऊ रक्कम म्हणून आम्हीं किंमतीचा चौथा हिस्सा पुढें ठेविला. ब्रेगे यांची रीत आम्हांस तेवढीच उचलतां येण्यासारखी होती.

ज्यांस अशी वस्तु करवून घ्यावयाची असेल त्यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मूळ वस्तूंतील आपणांस हवें तें काय, हें आधीं कागदावर लिहावें. आराखडा, माप, किंमत व मुदत कारागिराच्या संमतीनें ठरवावी आणि मध्येंच बदलूं नये. भाग असे घ्यावे कीं, दहा वर्षांनींहि दुरुस्ती होऊं शकेल. आणि ज्यानें वस्तु केली नाहीं त्याचें नांव तिच्यावर घालूं नये. पहिल्या तीन गोष्टी चुकल्या तर पैसे जातात. चौथी चुकली तर काय जातें तें सांगावयास नको.

घड्याळ हातीं आलें त्या आठवड्यांत मुलांच्या नजरेस तें पडलेंच. "सर, कोणत्या कंपनीचें?" असा प्रश्न आला. आम्हीं मनगटावरून सोडून तें मेजावर ठेविलें आणि यंत्र कोठलें, तबकडी कोठली, कांटे कोणीं व कसे निळे केले, हें सर्व सांगितलें. तासकांटा एकदां बिघडला होता तेंहि सांगितलें, आणि आमची यंत्राची चूकहि. मुलें हंसलीं. मग घड्याळ हातोहात फिरलें. मागच्या बांकावरून तो मुलगाहि पुढें आला. त्याचें मनगट त्या दिवशीं मोकळें होतें. त्यानें घड्याळ कानाशीं धरलें, बराच वेळ ऐकलें, आणि विचारलें, "सर, हे निळे कांटे मला त्या आजोबांकडे जाऊन पाहतां येतील का?"

आम्हीं त्याला दुकानाचा पत्ता दिला.